करडे धुके, काळा कातळ आणि एकेचाळीस पावसाळे

तुमच्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. तीन वर्षांपूर्वी तुम्ही चांगला मिररलेस कॅमेरा घेतला. तेव्हापासून दर पावसाळ्यात पुण्याहून सह्याद्रीत जाता. पण डोळ्यांना जे दिसते ते छायाचित्रात उतरत नाही, सगळे करडे आणि सपाट येते. सोबत राजगड, ताम्हिणी आणि कास येथील तीन छायाचित्रे तुम्ही पाठवली आहेत आणि शेवटी विचारले आहे, ‘सर, चाळीस वर्षे त्याच डोंगरांचे फोटो काढताना तुम्हाला कंटाळा कसा आला नाही?’

मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. राजगडाच्या सुवेळा माचीचे तुमचे छायाचित्र पाहताना स्पष्ट जाणवते, की तशा प्रकारचे एक छायाचित्र तुम्ही आधी कुठेतरी पाहिले होते आणि तेच मिळावे म्हणून तुम्ही पहाटे चारला उठून गड चढलात. त्या दिवशी माचीवर ऊन नव्हते, दरी दिसत नव्हती, होते ते धुके आणि भिजून काळा पडलेला कातळ. तुम्ही मात्र न दिसणाऱ्या दरीकडेच कॅमेरा रोखून उभे राहिलात. माणसाला डोंगराचा कंटाळा येतो तोही बहुधा असाच, मनात ठरवून आणलेले दृश्य तिथे सापडले नाही म्हणून.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे येथे आवश्यक आहे, कारण माझे उत्तर माझ्या परिस्थितीतून आलेले आहे. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. छायाचित्रणावर माझे पोट कधीच नव्हते. १९८३ साली वडिलांनी ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुना आग्फा क्लिक थ्री आणून दिला. त्यात १२० चा रोल बसत असे आणि एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. कॅमेऱ्यावर उन्हाची आणि ढगाची अशा खुणा होत्या, त्यापलीकडे माणसाने ठरवावे असे फारसे काही नव्हते. रोल, धुलाई आणि प्रिंट यांचा खर्च घरात मागताना जीभ अडखळत असे, म्हणून महिन्याला बारा फोटो हा माझा नेम झाला. त्या गरजेतून एक सवय लागली, ती अशी की आधी बराच वेळ बघायचे, जागा बदलून बघायचे, आणि एवढ्यावरही हा फोटो बारापैकी एक व्हावा असे वाटले तरच खटका दाबायचा. ही सवय चांगली होती असे मी आज म्हणतो. त्या वेळी तो नुसता नाइलाज होता.

पुढे १९८९ मध्ये आखातातून परतलेल्या एका नातेवाइकाकडून पेंटॅक्स के-१००० हा वापरलेला कॅमेरा मिळाला. संपूर्ण यांत्रिक, बॅटरी लागायची ती फक्त प्रकाशमापकाला, आणि व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक काटा वरखाली होत असे. तो काटा मध्यावर आणला की एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा एकूण प्रकाश, बरोबर झाले, असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले होते. पहिल्या पावसाळ्यातील माझे सगळे धुक्याचे फोटो त्या काट्यावर विश्वास ठेवल्याने वाया गेले, आणि तुमचे राजगडाचे छायाचित्र नेमके त्याच कारणाने बिघडले आहे. मधल्या काळात कॅमेरे कितीतरी हुशार झाले, पण ही एक चूक अजूनही तशीच होते.

कारण असे आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे ते कळत नाही, किती उजेड येतो आहे एवढेच कळते. समोरची वस्तू मध्यम करडी आहे, म्हणजे तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश ती परत पाठवते, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. धुके पांढरे असते; मापकाला वाटते की उजेड फार झाला, म्हणून तो एक्स्पोजर कमी करतो आणि पांढऱ्याचे करडे होते. उलट चौकटभर भिजलेला बसाल्टचा कडा असेल तर मापकाला अंधार वाटतो, तो एक्स्पोजर वाढवतो आणि काळा कातळ राखाडी होतो. थोडक्यात, पावसाळी सह्याद्रीत ज्या दोन गोष्टी सर्वांत जास्त आहेत त्या दोन्हींना कॅमेरा करडे करून टाकतो. उपाय सोपा आहे. धुक्यात मापकापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यावे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), काळ्या कड्यावर अर्धा ते एक स्टॉप कमी. तुमच्या कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, दिसतो. धुक्याच्या फोटोत तो अरुंद टेकाडासारखा येईल. ते टेकाड मध्यावर न ठेवता उजवीकडे सरकवा, फक्त उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, काढत असाल तर नंतरही थोडी दुरुस्ती होते. आम्हाला ती सोय नव्हती. पारदर्शक रंगीत चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा खपत नसे, आणि ती चूक कळायची रोल पुण्या-मुंबईहून धुऊन आल्यावर, म्हणजे तोवर ते धुके कधीच विरून गेलेले असायचे.

त्यामुळे मी वही ठेवू लागलो. प्रत्येक फोटोपुढे जागा, वेळ, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे), शटर (ते किती वेळ उघडे) आणि आभाळ कसे होते ते लिहायचे, स्लाइड आली की तिच्याशी ताडून पाहायचे. सुरुवातीला वहीत इंग्रजी तारखा होत्या. कासच्या वाटेवर गवळीवाड्यातले एक आजोबा मला नेहमी भेटत. मी त्यांना ‘पुढच्या आठवड्यात धुके असेल का’ असे विचारले की ते तारखेत कधीच उत्तर देत नसत, ‘मघा लागू दे, मग बघ’ असे म्हणत. हळूहळू माझी वहीही नक्षत्रांवर चालू लागली, आणि माझ्यातील भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला आधी जे थोडे अवघड गेले ते फार उपयोगी निघाले. नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचे असते. पावसाची, उजेडाची आणि फुलांची चाल मोजायला महिना फार मोठा पडतो आणि दिवस फार लहान. ७-८ जूनच्या सुमारास मृग लागते तेव्हा ढगांना आकार असतो, क्षितिज स्वच्छ असते आणि दूरचे डोंगर कापून काढल्यासारखे दिसतात. आर्द्रा ते आश्लेषा हा काळ झडीचा; तेव्हा मी दूरचे दृश्य काढायच्या फंदात पडत नाही, झाडांची खोडे, शेवाळ, ओहोळ आणि पाण्याने भरलेली भातखाचरे काढतो. ऑगस्टच्या मध्यावर मघा लागल्यावर उघडिपी वाढतात, ऊन आणि सर यांचा पाठशिवणीचा खेळ सुरू होतो. उत्तरा नक्षत्रात पठारे फुलतात. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागले की दुपारनंतर गडगडाट करणारे उंच ढग पूर्वेकडे चढतात आणि मावळतीचे ऊन त्यांच्यावर पडते, तो उजेड वर्षात दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळत नाही.

आता पुन्हा राजगडाकडे वळू. एक्स्पोजर सुधारले तरी ते छायाचित्र सपाटच राहिले असते, कारण त्यात जवळचे असे काहीच नाही. धुक्यात रंग आणि तपशील हे अंतरावर ठरतात. पाच पावलांवरचा दगड काळा दिसतो, वीस पावलांवरचे झाड करडे होते, पन्नास पावलांवरची तटबंदी नुसती सावली उरते आणि त्यापुढे काही नसते. हा उतरता क्रम हेच धुक्याच्या फोटोचे खरे रूप असते, आणि तो दाखवायचा तर चौकटीत एक गडद, ठाशीव वस्तू अगदी जवळ हवी. तुम्ही तटाच्या कडेला उभे राहून समोर पाहिलेत. दहा पावले मागे आला असतात तर तुम्ही उभे होतात तो तटच तुमच्या फोटोचा आधार झाला असता.

वाइड अँगल लेन्सचा मोहही सोडावा लागेल. नवशिक्यांचा असा समज असतो की विशाल दृश्याला रुंद लेन्स हवी. प्रत्यक्षात रुंद लेन्स दूरच्या डोंगरांना बुटके करते आणि आपल्या पायाजवळचा चिखल मोठा करते. एकामागे एक सरकत जाणाऱ्या डोंगररांगा, ज्यांतली प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकट असते, त्या १०० ते २०० मिलिमीटरच्या, म्हणजे दूरचे जवळ ओढणाऱ्या, लेन्सने काढाव्यात. त्या फिकेपणाचे कारण मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश हे आहे. जितकी जास्त हवा मध्ये, तितका डोंगर फिकट. सूर्य समोरच्या बाजूला आणि खाली असताना हा परिणाम सर्वांत ठळक होतो, म्हणून मी अशा रांगा सूर्योदयानंतरच्या पाऊण तासात काढतो आणि नंतर कॅमेरा पिशवीत ठेवून चहा शोधायला जातो.

ताम्हिणीच्या धबधब्याविषयी फार लिहीत नाही. तिथे तुमची चूक एकच आहे, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात पांढरे आभाळ आले आहे. पावसाळ्यातील आभाळ हे बहुतेक वेळा चौकटीतील सर्वांत उजळ आणि सर्वांत निरर्थक क्षेत्र असते आणि डोळा तिकडेच ओढला जातो. ते कापा; धबधबा आभाळातून पडतो की कातळातून, हे पाहणाऱ्याला कळण्याची गरज नाही. शटरविषयी एवढेच सांगतो की पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून सरसकट एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर देण्याची आजची पद्धत मला आवडत नाही. बारीक धारेला अर्धा सेकंद शोभतो, पण श्रावणात फुगलेल्या प्रपातात जोर असतो, तो एक अष्टमांश किंवा एक पंधरांश सेकंदात टिकतो आणि लांब एक्स्पोजरमध्ये त्याचे दूध होते.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर, मात्र अवश्य घ्या. निळे आभाळ गडद करायला लोक तो वापरतात. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग ओल्या पानांवर आणि ओल्या दगडांवर होतो. पावसाने धुतलेल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी बसलेली असते आणि तिच्याखाली पानाचा हिरवा रंग दबलेला असतो. पोलरायझर फिरवला की ती चकाकी उतरते आणि जंगल अचानक हिरवे होते. त्याची किंमत म्हणून दीड-दोन स्टॉप उजेड जातो, ते लक्षात ठेवावे.

याच पोलरायझरने माझा एक फोटो खाल्ला आहे, तोही सांगतो. १९९४ च्या मघा नक्षत्रात, दुपारी उशिरा, मी यवतेश्वरच्या घाटात उभा होतो. मागे पश्चिमेला ऊन, समोर सातारा शहर आणि अजिंक्यताऱ्यावर सर, आणि एकाएकी संपूर्ण इंद्रधनुष्य उभे राहिले. चष्म्यावर पाणी, व्ह्यूफाइंडरवर वाफ. जे दिसले ते धरले आणि पाच फोटो घेतले. स्लाइड आल्या तेव्हा धनुष्याचे दोन पाय तेवढे होते, माथा नाहीसा झाला होता. आधी मला वाटले की धुलाईत काही बिघडले. मग फळ्यावर आकृती काढल्यावर उलगडा झाला. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात, आणि ती दिशा कमानीच्या रेषेला धरून जाते. म्हणजे माथ्याशी आडवी, पायांशी उभी. ओल्या जमिनीवरची चकाकी काढण्यासाठी मी पोलरायझर जिथे लावून ठेवला होता तिथे तो आडवा प्रकाशच अडवतो. त्याने आपले काम चोख केले होते. पुढची दहा वर्षे मी ध्रुवीकरणाचा धडा शिकवताना तीच स्लाइड वर्गात दाखवली. इंद्रधनुष्य काढायचेच असेल तर आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते, म्हणून सूर्य ४२ अंशांपेक्षा खाली असल्याशिवाय जमिनीवरून ते दिसत नाही, आणि संपूर्ण कमान चौकटीत घ्यायची तर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरची लेन्सही जेमतेम पुरते. वाइड अँगल लेन्सविषयी वर जे बोललो त्याला हा एक अपवाद.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र हा याहून निराळा प्रकार आहे. सूर्य पाठीशी, समोर दरीत धुके, आणि त्या धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ, अशी त्याची मांडणी असते. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य पाठीशी येण्यासाठी सकाळची वेळ लागते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना आपापल्या डोक्याभोवतीच ते दिसते, दुसऱ्याच्या डोक्याभोवती दिसत नाही. आमच्या बरोबरच्या एका मित्राला हे शेवटपर्यंत पटले नाही आणि त्याने जागा बदलून तीन वेळा तपासले. मला ते चौथ्या खेपेला मिळाले, आणि तेही दीड मिनिट.

आता कास. तुमचे तिसरे छायाचित्र तिन्हींत सर्वांत चांगले आहे आणि म्हणूनच त्यावर थोडे रेंगाळतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर असलेले हे जांभ्याचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून तिथे गर्दी उसळू लागली. कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तिथे उभे राहू शकत नाही. फुलांचे राज्य आहे ते त्यामुळेच. सुमारे ८५० प्रजातींच्या सपुष्प वनस्पती तिथे नोंदल्या गेल्या आहेत, पण बहुतेक लोक जांभळ्या तेरड्याचा आणि पिवळ्या सोनकीचा गालिचा तेवढा काढून परततात. तुम्हीही तेच केले आहे, परंतु तुमच्या फोटोत पुढची फुले धूसर आहेत आणि मागचा डोंगर स्पष्ट. तिथे हिशेब असा करावा: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स एफ ११ वर ठेवून सुमारे पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. एफ २२ वर जाऊ नका. अॅपर्चर फार लहान झाले की प्रकाश कडांवरून वळतो आणि सगळेच किंचित मऊ होते.

खरी अडचण वाऱ्याची आहे. पठारावर वारा थांबत नाही, आणि हलणाऱ्या फुलासाठी एक अडीचशांश सेकंद तरी शटर लागते. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागतो. तो खुशाल वाढवा. दाणेदार फोटो मला चालतो, हललेले फूल चालत नाही. मी एक मोठी काळी छत्री नेतो. ती पावसापेक्षा वारा अडवायला जास्त कामी येते. लेन्स पुसायला बाजारातले नाजूक कापड मुसळधार पावसात दोन मिनिटांत निकामी होते, त्यापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे चार तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेवावेत.

गालिचा काढून झाला की खाली बसा आणि पाहा. सीतेची आसवे ही निळसर जांभळी फुले जेमतेम काही मिलिमीटरची असतात आणि त्यांच्या मुळाशी, ओल्या मातीत, किडे पकडणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. मातीत पोषण कमी म्हणून या वनस्पतीने ही युक्ती काढली. दवबिंदू नावाची दुसरी कीटकभक्षी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी तेच काम करते, आणि तिरप्या उन्हात ते थेंब पेटल्यासारखे दिसतात. मात्र फोटोसाठी आडवे पडण्यापूर्वी आपल्या अंगाखाली काय येते ते पाहा. एका फुलाचा फोटो काढताना पन्नास रोपे चिरडणारे छायाचित्रकार मी दरवर्षी पाहतो, आणि तरुणपणी मीही त्यांच्यातला एक होतो. आता मी पाऊलवाटेच्या कडेने जे दिसेल तेवढेच काढतो आणि त्यासाठी अगदी जवळून फोटो काढणारी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स पुरते. मधे येणारी काडी मोडणे, फूल वळवून बांधणे, त्यावर पाणी शिंपडणे हे प्रकार मी सोडून दिले आहेत. काडी चौकटीत आली तर ती तिथे होती, एवढेच. कंदीलपुष्पाची जागा तर कोणालाही सांगू नये. गुराखी त्याला खरपुडी म्हणतात आणि त्याचा कंद खातात, पण गुराख्यांच्या खाण्याने जे झाले नाही ते फोटोवाल्यांच्या झुंडीने होऊ शकते. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, ते काढून टाकल्याशिवाय असा फोटो कोणाला पाठवू नका.

काजव्यांच्या फोटोंबद्दलही याच ओघात सांगतो, कारण तुम्ही पुढच्या वर्षी भंडारदऱ्याला जाण्याचा बेत लिहिला आहे. मे अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत तिथली झाडे काजव्यांनी लखलखतात, आणि तो लखलखाट म्हणजे नराने मादीला केलेली खूण असते. विजेरी, गाडीचे दिवे, इतकेच काय कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा छोटा दिवाही त्या संभाषणात व्यत्यय आणतो. तो दिवा बंद करा, मागच्या पडद्यावर काळे कापड टाका आणि उजेड असतानाच फोकस ठरवून ठेवा. आणि हेही जाणून असा की झाड काजव्यांनी खच्चून भरलेले जे फोटो तुम्ही पाहिले आहेत ते अनेक एक्स्पोजर एकमेकांवर चढवून केलेले असतात. तसे करण्यात गैर नाही, पण तसे सांगितले नाही तर पाहणारा तिथे जाऊन निराश होतो, आणि निराश माणूस विजेरी लावतो.

या छंदाची घरच्यांना किंमत मोजावी लागते, हे पुस्तकांत कोणी लिहीत नाही. पठार फुलते ते नेमके गणपती-गौरींच्या दिवसांत. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. माझी पत्नी मला दरवर्षी म्हणत असे, ‘तुम्ही रोज तेरड्यातच लोळता, पण गौरीला तेरडा मात्र शेजारच्या काकूंनी आणून द्यायचा.’ पठारावरचा तेरडा तोडता येत नाही हे तिला ठाऊक होते, तिचा रोख वेगळ्याच गोष्टीकडे होता. शेवटी एक तह झाला. आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी मी शेताच्या बांधावरचा तेरडा स्वतः आणायचा आणि जेवणाच्या दिवशी घरी थांबायचे. तेरड्याचा रंग तीन दिवस असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पठारावर तो काही आठवडे टिकतो, पण फुलांचा बहर, उघडीप आणि हलके धुके असे तिन्ही जुळलेले दिवस माझ्या वहीत एका हंगामात तीनपेक्षा जास्त क्वचितच सापडतात. त्यांपैकी एक गौरी जेवणाचा निघाला, तर निघाला.

साहित्याच्या देखभालीबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. १९९७ मध्ये माझी १३५ मिलिमीटरची लेन्स आणि त्याबरोबर स्लाइडचे दोन डबे अशाच बुरशीने गेले. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली होती आणि ती पुसल्यावरही ओरखडे राहिले. पावसातून आल्यावर ओला कॅमेरा पिशवीत कोंडू नका; पुसून पंख्याखाली ठेवा आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेल ओलावा धरले की तापवून पुन्हा वापरता येते. तांदळात ठेवण्याचा घरगुती उपाय मी करून पाहिला आहे. त्याने लेन्सच्या खाचांत पीठ भरते.

तेव्हा कंटाळ्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता तुम्हाला बहुधा दिसू लागले असेल, पण एक हिशेब मांडून ते अधिक स्पष्ट करतो. कासची टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये, म्हणजे आठ वर्षांच्या अंतराने फुलली. कारवी फुलते, बी धरते आणि मरते. पुढचा फुलोरा येतो तो नव्या रोपांना. म्हणजे माझे सगळे आयुष्य धरूनही मला कारवीचे पाच-सहाच फुलोरे पाहता आले. पहिल्या फुलोऱ्याच्या वेळी कारवी म्हणजे काय तेच कळत नव्हते, दुसऱ्याला हातात कॅमेरा होता पण मी उशिरा पोहोचलो, तिसऱ्याला एक्स्पोजर चुकले. एक फुलोरा आईच्या आजारपणात गेला. कारवीचा माझ्या मनासारखा फोटो माझ्याकडे एकच आहे. एखादा विषय इतक्या सावकाश शिकवत असेल, तर कंटाळ्याला जागा कुठे राहते?

तुम्हाला करायला सांगायचे ते एवढेच. नवी लेन्स घेऊ नका. पुण्याजवळची एक जागा निवडा, सिंहगडाच्या वाटेवरचे एखादे झाड असले तरी चालेल, पण अर्ध्या दिवसात जाऊन येता आले पाहिजे. येत्या मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्रात तिथे एकदा जा, पाऊस असो वा नसो, आणि प्रत्येक खेपेला बाराच फोटो काढा. वहीत वेळ, आभाळ, वारा आणि मापकापेक्षा किती कमी-जास्त एक्स्पोजर दिले ते लिहा. दिसले काही नाही तर तसे लिहा. माझ्या चौतीस वह्यांत ‘धुके, काही दिसले नाही, दोन तास बसलो’ ही नोंद सर्वांत जास्त वेळा आहे. हस्त संपल्यावर ती वही आणि त्यातले तुम्हाला सर्वांत फसलेले वाटणारे सहा फोटो घेऊन साताऱ्याला या. फोटो मूळ रॉ स्वरूपातले आणा, सुधारलेले नकोत.